अट्टल, जुनाट, सराईत: इंग्रजीतले हे शब्द एकाच ओळीत कोंबू नका

इंग्रजीच्या कुठल्याही स्पर्धा परीक्षेचं व्होकॅब्युलरीचं मटेरियल उघडा, त्यात एक ओळ हमखास सापडते. इन्व्हेटरेट म्हणजे हॅबिच्युअल म्हणजे क्रॉनिक म्हणजे कन्फर्म्ड म्हणजे इनग्रेन्ड, आणि समोर सगळ्यांना मिळून एकच अर्थ, "जुनी सवय असलेला". पोरं ती ओळ पाठ करतात, पेपरात सिनॉनिम ओळखा म्हणून प्रश्न येतो, टिक करतात, मार्क मिळतात, विषय संपला. माझं स्पष्ट मत आहे की ही ओळ पाठ असण्यापेक्षा हे शब्द अजिबात माहीत नसलेले परवडले, कारण माहीत नसेल तर माणूस निदान डिक्शनरी उघडतो, पाठ असेल तर तो बिनधास्त कुठलाही शब्द कुठेही ठोकून देतो. आणि हे शब्द टेबलखुर्चीबद्दल नाहीयेत हो, ते बहुतेक वेळा माणसांबद्दल वापरले जातात. त्यातल्या प्रत्येक शब्दात दोन गोष्टींचा निकाल आधीच लागलेला असतो, एक म्हणजे दोष कुणाचा आणि दुसरं म्हणजे हा माणूस बदलू शकतो की नाही. ते न कळता शब्द वापरणं म्हणजे न वाचता सही करणं.

खरंतर मराठी माणसाला हे समजायला जड जायचं काही कारणच नाही. आपल्याकडे चोर अट्टल असतो, गुन्हेगार सराईत असतो, पोहणारा पट्टीचा असतो, राजकारणी मुरलेला असतो, शिक्षक हाडाचा असतो आणि खोकला जुनाट असतो. सगळ्यांचा मुद्दा एकच की गोष्ट बऱ्याच काळापासून चालत आलीय आणि पक्की झालीय. पण जरा अदलाबदल करून बघा, हाडाचा खोकला, जुनाट शिक्षक, पट्टीचा गुन्हेगार. लगेच कानाला खटकतं ना? तेच सवयीच्या नावांचं. वाचनाचा छंद असतो, पत्त्यांचा नाद असतो, फुकटची चटक लागते, नखं खायची खोड असते आणि जुगाराचं व्यसन असतं. छंद आपण कौतुकाने सांगतो, नाद म्हणताना सूर थोडा तक्रारीचा होतो, चटक म्हटलं की सुरुवातीलाच आवरायला हवं होतं असं सुचवतो, आणि व्यसन म्हटलं की घरातले सगळे गंभीर होतात. हे आपल्याला कुणी लिस्ट देऊन शिकवलेलं नाही, ऐकून ऐकून आलंय. मग इंग्रजी शिकताना हा कान घरी ठेवून का जायचं?

आता एकेक शब्द घेऊ. इन्व्हेटरेट हा लॅटिनमधून आलाय, तिथे व्हेटस म्हणजे जुना, व्हेटरन हा शब्द पण तिथलाच, आणि त्या व्हेटसचं मूळ आपल्या संवत्सरातल्या वत्सराशी जाऊन मिळतं, म्हणजे वर्ष. वर्षानुवर्षं मुरलेलं ते इन्व्हेटरेट. सुरुवातीच्या काळात इंग्रजीत हा शब्द अंगात ठाण मांडून बसलेल्या रोगासाठी वापरायचे, नंतर द्वेष, पूर्वग्रह, वाईट सवयी यांच्याकडे सरकला. आज तो जास्त करून माणसाला लागतो, इन्व्हेटरेट लायर, इन्व्हेटरेट गॅम्बलर, आणि हल्ली त्याच्यात थोडं कौतुकही शिरलंय, कारण इन्व्हेटरेट ट्रॅव्हलर किंवा इन्व्हेटरेट लेटर-रायटर म्हटलं तर कुणी चिडत नाही. म्हणजे आपला अट्टल आणि आपला पट्टीचा हे दोन्ही एकाच शब्दात बसवलेत, कुठला अर्थ घ्यायचा ते पुढच्या नामावरून ठरतं. पण दोन्हीकडे एक गोष्ट कायम आहे, ती सवय त्या माणसाच्या स्वभावाचाच भाग झालीय, आता ती जाणार नाही, आणि ती त्याचीच आहे.

क्रॉनिक वेगळा. ग्रीक क्रोनोस म्हणजे काळ. डॉक्टर लोक क्रॉनिक म्हणतात तेव्हा ते फक्त किती काळ चाललंय ते सांगत असतात, किती जोरात आहे ते नाही. क्रॉनिक पेन म्हणजे भयंकर दुखणं असं अर्ध्या जगाला वाटतं पण तसं नाहीये, जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या वर्गीकरणात ३ महिन्यांपेक्षा जास्त टिकणारं किंवा परत परत येणारं दुखणं ते क्रॉनिक, मग ते सौम्य का असेना. त्याच्या उलट अक्यूट, म्हणजे अचानक उद्भवून थोडाच काळ टिकणारं. ब्रिटनमधे बोलीभाषेत क्रॉनिक म्हणजे "अगदी भिकार" असाही अर्थ आहे त्यामुळे गोंधळ अजून वाढतो. पण महत्त्वाचं म्हणजे क्रॉनिकमधे रोगाचा वास आहे, आणि रोग म्हटला की दोष कमी होतो. क्रॉनिक शॉर्टेज, क्रॉनिक अंडरफंडिंग अशा ठिकाणी हा शब्द चपखल बसतो कारण तिथे परिस्थितीच आजारी आहे. आजोबा खूप वाचतात म्हणून "क्रॉनिक रीडर" लिहिलं तर मात्र वाचन हा आजार झाला. असं वाक्य विद्यार्थी लिहितात, आणि लिस्टप्रमाणे ते बरोबरच असतं, म्हणून मी लिस्टवर चिडतो, मुलांवर नाही.

इनग्रेन्डचा उगम रंगाऱ्यांच्या धंद्यातला आहे. किड्यांपासून केलेला एक लाल पक्का रंग युरोपात वापरायचे, ते वाळलेले किडे दाण्यासारखे दिसायचे म्हणून त्याला ग्रेन म्हणत. धाग्यात बसलेला, धुतला तरी न जाणारा रंग. म्हणून हा शब्द बहुतेक वेळा माणसापेक्षा सवयीला, समजुतीला, पूर्वग्रहाला लागतो, आणि त्यात असंही येतं की हा रंग कुणीतरी बाहेरून लावलाय, घराने, समाजाने, लहानपणाने. कन्फर्म्डचं थोडक्यात सांगतो, त्यात माणसाने स्वतः ठरवलेलं असतं किंवा निदान सगळ्यांनी आता ते मान्य केलेलं असतं, कन्फर्म्ड बॅचलर वगैरे. (हाच शब्दप्रयोग ब्रिटिश वर्तमानपत्रांच्या मृत्युलेखांत समलिंगी पुरुषांबद्दल आडून बोलायला कित्येक वर्षं वापरला गेला, तेव्हा तो वापरताना हेही माहीत असलेलं बरं.)

सगळ्यात साधा दिसणारा शब्द म्हणजे हॅबिच्युअल, आणि माझ्या मते सगळ्यात जपून वापरायचा पण तोच. मुळात त्यात ना रोग ना दोष, नेहमी घडतं एवढंच. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबद्दल १९८० चा हेग करार आहे त्यात हॅबिच्युअल रेसिडन्स असा शब्द आहे, म्हणजे मूल नेहमी जिथे राहतं ती जागा, बास. कुणालाच काही लागत नाही त्यात. पण हाच शब्द माणसापुढे लावा, हॅबिच्युअल ऑफेंडर, हॅबिच्युअल लायर, की तो शिक्का होतो. ब्रिटनमधे १८६९ साली हॅबिच्युअल क्रिमिनल्स अ‍ॅक्ट आला, त्यात पुन्हा पुन्हा शिक्षा झालेल्यांची नोंदवही आणि त्यांच्यावर पोलिसांची देखरेख. दहाच वर्षांनी १८७९ मधे हॅबिच्युअल ड्रंकर्ड्स अ‍ॅक्ट आला, त्यात दारुड्यांना उपचारासाठी परवानाधारक निवासांत ठेवायची सोय. शब्द तोच, देश तोच, एकीकडे नजरकैदेसारखा पहारा आणि दुसरीकडे उपचार. म्हणजे नुसत्या शब्दावर भरवसा नाही ठेवता येत, पुढे कुठलं नाम येतंय आणि कोण बोलतंय हे बघावंच लागतं.

आणि या दोन कायद्यांच्या मधे, १८७१ मधे, इंग्रजांनी इथे गुन्हेगार जमाती कायदा आणला. त्याच्या इंग्रजी मजकुरात काय म्हटलंय बघा, एखादी जमात, टोळी किंवा वर्ग अजामीनपात्र गुन्हे पद्धतशीरपणे करण्याला "अ‍ॅडिक्टेड" आहे असं सरकारला वाटलं तर तिला गुन्हेगार जमात जाहीर करता येईल. अ‍ॅडिक्टेड! अख्ख्या जमातीला! हॅबिच्युअल म्हणायला निदान त्या माणसाने आधी काहीतरी केलेलं असावं लागतं, एकदा नाही अनेकदा, आणि ते दाखवावं लागतं. अ‍ॅडिक्टेड म्हटलं की ते कष्टही संपले, पाळण्यातलं पोरसुद्धा त्या शब्दात बसलं. हा कायदा रद्द झाला १९५२ मधे. त्यानंतर राज्याराज्यांत हॅबिच्युअल ऑफेंडर्सचे कायदे आले आणि कागदावर तरी गोष्ट जमातीवरून एकेका माणसावर आली. व्यवहारात संशय त्याच लोकांच्या मागे लागून राहिला हे खरंच आहे, नुसता शब्द बदलून पूर्वग्रह जात नाही, तो तर इनग्रेन्ड. पण शब्द बदलल्यामुळे पुरावा मागायला जागा झाली, ही काही लहान गोष्ट नाही.

अ‍ॅडिक्टचा इतिहास तसाही वाचण्यासारखा आहे. रोमन कायद्यात कर्ज फेडता न आलेल्या माणसाला न्यायाधिकारी सावकाराच्या ताब्यात द्यायचा, त्या माणसाला म्हणायचे अ‍ॅडिक्टस. इंग्रजीत आल्यावर काही काळ हा शब्द चांगल्या गोष्टींनाही लागायचा, अभ्यासाला वाहून घेतलेला, प्रार्थनेला वाहून घेतलेला. मग हळूहळू अफू, दारू, आणि शेवटी तंबाखू. आणि तंबाखूच्या बाबतीत तर एका शब्दाच्या फरकावर जवळजवळ पाव शतक गेलं.

झालं असं की जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९५७ मधे अ‍ॅडिक्शन आणि हॅबिच्युएशन यांत फरक केला होता. अ‍ॅडिक्शनमधे न आवरणारी ओढ, डोस वाढवत जायची प्रवृत्ती, शरीराचं अवलंबित्व, आणि नुकसान त्या माणसाचं आणि समाजाचंही. हॅबिच्युएशनमधे इच्छा असते पण सक्ती नसते, शरीर अडून बसत नाही, नुकसान झालं तर मुख्यतः त्याचं स्वतःचं. १९६४ मधे अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याचा, सिगारेटवरचा तो गाजलेला रिपोर्ट आला, ज्यात धूम्रपानाने फुप्फुसाचा कॅन्सर होतो असं स्पष्ट म्हटलं, त्याच रिपोर्टमधे मात्र लिहिलं की तंबाखूची सवय ही हॅबिच्युएशन मानावी, अ‍ॅडिक्शन नाही. गंमत नाही, वैताग येतो हे वाचून, कारण त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ते दोन्ही शब्द बाजूला ठेवून डिपेन्डन्स, म्हणजे अवलंबित्व, हा शब्द घ्या अशी शिफारस केली होती. मग १९८८ मधे सर्जन जनरल सी. एव्हरेट कूप यांचा रिपोर्ट आला आणि त्यात निःसंदिग्धपणे लिहिलं की सिगारेट आणि तंबाखूचे बाकी प्रकार व्यसन लावतात, आणि हे व्यसन ज्या प्रक्रियांनी लागतं त्या हेरॉइन आणि कोकेनच्या व्यसनासारख्याच आहेत.

१९६४ ते १९८८, मधे २४ वर्षं. या काळात सिगारेट ही "सवय" होती, म्हणजे मनात आणलं तर सुटणारी, म्हणजे सुटत नसेल तर तुमचीच इच्छाशक्ती कमी. कंपन्यांना हेच हवं होतं, कोर्टात त्यांचा बचाव हाच असायचा की लोक स्वतःच्या मर्जीने ओढतात. १४ एप्रिल १९९४ ला सात मोठ्या तंबाखू कंपन्यांचे प्रमुख अमेरिकन संसदेच्या उपसमितीपुढे ओळीने उभे राहिले, उजवे हात वर करून शपथ घेतली, आणि एकेकाने सांगितलं की निकोटिन अ‍ॅडिक्टिव्ह आहे असं आपल्याला वाटत नाही. कॅन्सरच्या आकड्यांसोबत या एका विशेषणासाठीही ते इतक्या हट्टाने लढले, कारण हॅबिट म्हटलं की जबाबदारी ओढणाऱ्याची आणि अ‍ॅडिक्शन म्हटलं की विकणाऱ्याची. ज्या मुलाला आपण हे दोन शब्द सिनॉनिम म्हणून शिकवतो त्याला ही बातमी वाचून काय कळणार? भांडण कशावरून चाललंय तेच कळणार नाही.

शाळेतल्या गैरहजेरीचं उदाहरण छोटं आहे पण मला आवडतं. अमेरिकेत क्रॉनिक अ‍ॅबसेन्टी साधारण त्या मुलाला म्हणतात जे शाळेच्या दिवसांपैकी १० टक्के किंवा जास्त दिवस आलेलं नाही, कारण काहीही असो, आजारपण असो, घरची अडचण असो, सगळं धरून. हॅबिच्युअल ट्रुअंट म्हणतात तेव्हा मात्र फक्त परवानगीशिवायच्या दांड्या मोजतात. पहिल्या शब्दाने शाळा विचारते की याला काय झालंय, दुसऱ्या शब्दाने विचारते की याचं काय करायचं. दमा असलेलं मूल पहिल्या यादीत येईल, दुसऱ्या यादीत येणार नाही. एखाद्या अनुवादकाने किंवा बातमीदाराने दोन्हीचं "नेहमी दांडी मारणारा" असं करून टाकलं की आजारी मुलाला उनाड ठरवून झालं.

खोटं बोलणाऱ्याकडे या. हॅबिच्युअल लायर म्हणजे नेहमी खोटं बोलतो, त्याला त्याचं काही वाटेनासं झालंय. इन्व्हेटरेट लायर म्हणजे अट्टल, इतकी वर्षं बोलतोय की आता तेच त्याचं रूप. कम्पल्सिव्ह लायर म्हणजे त्याला राहवत नाही, फायदा नसतानाही बोलतो, आतून रेटा आहे. पॅथॉलॉजिकल लायर म्हणजे तर थेट मानसोपचाराच्या दारात नेऊन उभा केला. आता एखादा सत्तेतला माणूस फायद्यासाठी, ठरवून, हिशोब करून खोटं बोलत असेल आणि पेपरवाले त्याला पॅथॉलॉजिकल किंवा कम्पल्सिव्ह म्हणत असतील तर ती शिवी वाटते पण प्रत्यक्षात ती सूट आहे, बिचाऱ्याला राहवत नाही अशी. म्हणून मी नेहमी म्हणतो की नेमका शब्द म्हणजे मऊ शब्द नव्हे, कधीकधी नेमका शब्द जास्त कडक असतो.

लोक म्हणतात, हा शब्दांचा कीस आहे, खुद्द इंग्रजी बोलणारे तरी कुठे इतका विचार करतात. करतात की, जिथे गरज पडते तिथे करतात. २०१० मधे जॉन केली आणि कॅसांड्रा वेस्टरहॉफ यांनी मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या ५१६ तज्ज्ञांना एका रुग्णाची माहिती वाचायला दिली, मजकूर दोन्ही गटांना सारखाच, फक्त एका गटाच्या कागदावर त्याला सबस्टन्स अब्यूझर म्हणजे नशेच्या पदार्थांचा गैरवापर करणारा म्हटलेलं आणि दुसऱ्या गटाच्या कागदावर सबस्टन्स यूज डिसऑर्डर म्हणजे नशेच्या पदार्थांच्या वापराचा विकार असलेली व्यक्ती. अब्यूझर वाचलेल्या तज्ज्ञांचा कल त्या माणसाला स्वतःच जबाबदार धरण्याकडे आणि शिक्षेसारखे उपाय सुचवण्याकडे जास्त निघाला. हे ट्रेनिंग घेतलेले लोक होते, रोज असे पेशंट बघणारे. त्यांच्यावर एका शब्दाने परिणाम होतो तर हेडलाइन वाचून पुढे जाणाऱ्या आपल्यासारख्यांचं काय घेऊन बसलात. २०१३ मधे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या नियमावलीतून अब्यूझ आणि डिपेन्डन्स ही दोन वेगळी निदानं गेली आणि त्यांच्या जागी डिसऑर्डर आलं. २०१७ मधे असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेने आपल्या शैलीपुस्तिकेत अ‍ॅडिक्ट हे नाम म्हणून वापरायचं टाळा असं सांगितलं. माणूस व्यसनी असू शकतो, पण माणूस म्हणजे व्यसन नव्हे, एवढाच त्यामागचा विचार.

कोर्टाचं उदाहरण तर अजून गंभीर. इनकॉरिजिबल, म्हणजे सुधारणं शक्यच नाही असा, हा शब्द पण कधीकधी त्याच ओळीत पुढे कोंबलेला असतो. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१२ मधे ठरवलं की अल्पवयीन गुन्हेगाराला सरसकट, सक्तीने, पॅरोलशिवाय जन्मठेप देता येणार नाही. २०१६ च्या निकालात शब्द आला, पर्मनंट इनकॉरिजिबिलिटी, अशी शिक्षा फक्त कायमच्या न सुधारणाऱ्या विरळ मुलांसाठी. मग २०२१ मधे जोन्स विरुद्ध मिसिसिपी खटल्यात प्रश्न हाच की न्यायाधीशाने तो मुलगा तसा आहे असा वेगळा निष्कर्ष काढलाच पाहिजे का, आणि कोर्ट सहा विरुद्ध तीन मतांनी म्हणालं, गरज नाही. पंधरा वर्षांच्या मुलाने केलेल्या गुन्ह्याची केस होती ती. इनकॉरिजिबल आणि हॅबिच्युअल एकच असते तर हा वाद कोर्टात आलाच नसता. जे परत परत घडलंय ते पुराव्याने दाखवता येतं, जे कधीच बदलणार नाही असं म्हणता ते कुणाला दाखवता येतं? पंधरा वर्षांच्या पोराबद्दल तर नाहीच नाही.

दुसरा आक्षेप जरा खरा आहे, की भाषा बदलते, शब्द एकमेकांत मिसळतात, उद्या क्रॉनिक आणि हॅबिच्युअल खरंच एक होतील. होतील कदाचित. बोलण्यात आजही होतात, आणि मित्रामित्रांत कुणी कुणाला क्रॉनिक लेटलतीफ म्हटलं तर मी काही डिक्शनरी घेऊन मधे पडणार नाही. माझा आग्रह लिहिण्यापुरता आहे, बातमी, निकाल, मेडिकल रिपोर्ट, शाळेचा शेरा, ऑफिसचं अप्रेझल, ज्या कागदाने कुणाचं तरी काहीतरी ठरतं त्या कागदापुरता. तिथे "सगळं एकच हो" चालत नाही.

शिकवण्यात करायचं काय, तर सिनॉनिम ओळखा हा प्रश्न या शब्दांपुरता बंद करा. त्याऐवजी जोड्या शिकवा, इन्व्हेटरेट कुणासोबत येतो, क्रॉनिक कशासोबत येतो, आणि मराठीतल्या जोड्या शेजारी ठेवा म्हणजे कान मदतीला येतो. पेपरात एक प्रसंग द्या, समजा एक कर्मचारी वर्षभर वारंवार उशिरा येतोय. त्याचा डॉक्टर काय लिहील, त्याचा वकील काय लिहील, त्याला काढून टाकायला निघालेला मॅनेजर कुठलं विशेषण निवडेल, आणि प्रत्येकाने तेच का निवडलं ते दोन ओळींत मागा. आणि एक पर्याय असाही ठेवा की विशेषण न लावता तो किती दिवस, किती वाजता आला तेवढंच लिहायचं, आणि ज्या मुलाने तो पर्याय निवडला त्यालाही पूर्ण मार्क द्या.